वासरांपुरती मंजुरी

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. फोनवर आपलं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. तिसऱ्या वाक्याला तुम्ही गप्प होता आणि चौथ्याला मी ठेवून देते. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

बातमी अशी की बाबांच्या बडीशेपेच्या अर्काचा अर्ज गेला. वासराचं पोट बिघडलं की बाबा हिरव्या बाटलीतून तो पाजायचे, तुम्ही लहानपणी पाहिलंच असेल. आता तो बाटलीतला राहिला नाही. तो कोंड्यावर शोषून, वाळवून त्याची भुकटी केली आहे, म्हणजे थेट पशुखाद्यात मिसळता येते. शाळेत रसायन शिकवणं सोडून मी एवढी वर्षं मागच्या पडवीत काय करते, असा प्रश्न तुम्ही तुमच्या दादांना बोटीवर पत्र लिहून विचारला होता. ते मला कळलं होतं. तर हे करत होते.

खाद्याच्या कारखान्याचे मालक स्वतः येऊन गोठा बघून गेले. वासरं हगवणीला बळी पडेनाशी झाली, गाई दुधाला वाढल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि अर्ज त्यांनीच केला. पण तो शेवटी तुमच्याच कार्यालयात येणार. जनावरांच्या खाद्यात काय घालायचं नि काय नाही, हे ठरवणारे तुम्हीच. मला तुमची शिफारस नको. उद्या 'मला सांगितलं नाही' असं व्हायला नको म्हणून कळवते.

बाबा मजेत आहेत. दिवसभर माझ्याबरोबर गोठ्यात असतात. एकेका गाईपुढे उभं करून शिकवतात: हिचा कान गार का, हिने अंबोण अर्धं का ठेवलं. गावभर सांगतात की माझी मुलगी मंजुरीच्या कार्यालयात आहे. मला वाटलं, तुम्हाला ऐकून बरं वाटेल.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. अर्ज त्याच्या आधीच पोचला होता आणि टपालाच्या वाटपात तो माझ्याच टेबलावर आला. मी तो उघडला, वाचला आणि दुपारनंतर साहेबांना जाऊन सांगितलं की यात माझे वडील आणि भावजय आहेत. नियमच तसा आहे. आता फाईल शेजारच्या टेबलावर आहे. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना आम्ही खोकलेबुवा म्हणतो. ते प्रत्येक शंकेआधी खोकतात. यापुढे त्या फाईलबद्दल मला काही विचारू नका. मीही बोलणार नाही.

अर्जावर संशोधक म्हणून दोन नावं आहेत. बाबांचं आणि तुमचं. छान शोभतात शेजारी शेजारी.

बाबा शिकवतात हे वाचून मात्र आश्चर्य वाटलं. मला त्यांनी गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत कधी थांबू दिलं नाही. मी आत पाऊल टाकलं की शेणाची पाटी खाली ठेवून ते मला खांद्याला धरून दाराबाहेर नेऊन सोडायचे. 'अभ्यास कर' एवढंच म्हणायचे. मी केला. इतका केला की आता गोठ्याशिवाय गोठ्यांबद्दल सगळं ठरवते. तुम्ही लग्न होऊन आलात आणि ते दार तुम्हाला सताड उघडं मिळालं. नशीब एकेकाचं.

बाबांना फोनवर द्या म्हटलं की तुम्ही 'गोठ्यात आहेत' म्हणता. रविवारी मी पुन्हा करेन. तेव्हा ते गोठ्यात नसतील अशी आशा आहे.

नणंद


२ एप्रिल

वन्सं,

तुमच्या कार्यालयाचं शंकापत्र आलं. मालक ते हातात नाचवत पडवीत आले आणि बाबांसमोर आवाज चढवला. मी त्यांना बाहेर नेलं.

शंका अशी की बडीशेपेच्या तेलात एस्ट्रॅगोल नावाचा एक घटक असतो, तो तुम्ही एका वेळी काढलेल्या एकाच घाण्यात मोजलात, प्रत्येक घाण्यात का नाही? आणि वासरू थोडे महिने खाईल, पण दुभती गाय वर्षानुवर्षं रोज खाणार, तिच्या यकृताचं काय, तिच्या दुधात तो किती उतरतो? याची उत्तरं येईपर्यंत सगळं थांबलं.

खोकलेबुवांना मी ओळखत नाही, पण हे त्यांचं नाही. त्या पत्रात एक वाक्य आहे: 'घरच्या गोठ्यातील अनुभव हा पुरावा नव्हे.' घरचा गोठा, वन्सं? अर्जात आम्ही सगळीकडे 'प्रायोगिक गोठा' लिहिलं होतं. तो घरचा आहे हे त्या इमारतीत फक्त तुम्हालाच माहीत आहे.

नियमावर बोट ठेवून हात झटकलेत आणि जाता जाता टाचणी टोचून गेलात. मी या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला पाण्यात पाहता. चहा मी केला तर तुम्ही दुसरा करायच्या. बाबांनी माझ्या हातची भाकरी चांगली म्हटली की तुम्हाला जेवण जायचं नाही. ते सगळं मी गिळलं, कारण सासर म्हटलं की नणंद आलीच. पण हे काम माझं आहे. तेलाच्या वाफेने माझे हात सोलले आहेत. बाबांचं नाव माझ्या नावाशेजारी बघवलं नाही तुम्हाला, एवढंच याचं कारण.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमची वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

हो, ते वाक्य माझं आहे.

फाईल सकाळी आली आणि साहेबांकडे मी दुपारी गेले. मधल्या वेळात शेरा मी लिहिला. आधी उठायला हवं होतं. उठले नाही. तुमचं नाव वाचलं आणि अंगाचा असा तिळपापड झाला की पहिलं पान पुन्हा उघडून एकेक ओळ चूक शोधत वाचत गेले. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर इतका बारीक वाचला नसता. चांगल्या मनाने वाचला असता तर ती जागा नजरेतून सुटली असती, असं मला आता वाटतं.

पण ती जागा आहे, वहिनी. माझं मन कसं का असेना. एस्ट्रॅगोल उंदरांना रोज भरपूर दिला तर त्यांच्या यकृतात गाठी होतात. थोडा, थोड्या दिवसांसाठी, वासरांना चालेल. गाईचं आयुष्य मोठं असतं आणि तिचं दूध पाळण्यातली मुलं पितात. तुम्ही एक घाणा मोजलात आणि बाकीचे तसेच असतील असं धरलंत. बडीशेप हे पीक आहे. वाण बदलला, शेत बदललं, की आतलं सगळं बदलतं. तुम्ही रसायन शिकवायच्या, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जुने घाणे राखून ठेवले असतील तर सगळे मोजून घ्या. माझ्यावर रागावून मोजा, पण मोजा.

तो शेरा मीच लिहिल्याचं मी परवा साहेबांना सांगितलं. त्यांनी तो रद्द केला. मग खोकलेबुवांनी फाईल पुन्हा वाचली आणि खोकून तीच शंका स्वतःच्या सहीने काढली. तेव्हा आता ती माझी राहिली नाही. माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली आहे. तिथे खिडकी नाही. हे कौतुकाचं नाही, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

आता माझा एक प्रश्न. मी दर रविवारी फोन करते. बाबा झोपलेत, बाबा अंघोळीला गेलेत, बाबा गोठ्यात आहेत. माझे वडील माझ्यापासून का दडवता? कामात वाटा मागितला नाही मी. पण त्यांचा आवाजसुद्धा तुमच्याच मालकीचा झाला का?

नणंद


२८ मे

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. आधी मोजायला वेळ लागला आणि मग लिहायला धीर लागला.

सगळे घाणे प्रयोगशाळेत पाठवले. बरेचसे ठीक निघाले. मधले दोन मात्र असे निघाले की तिथल्या बाईंनी फोन करून विचारलं, ही बडीशेपच आहे ना. एस्ट्रॅगोल कैकपटींनी जास्त. ते दोन्ही घाणे आपल्याच गाईंनी खाल्ले आणि ते दूध आसपासच्या घरांत गेलं. त्या घरांत लहान मुलं आहेत. मी दोन दिवस जेवले नाही. थोडे दिवस पोटात गेल्याने बाधत नाही म्हणतात, पण आपण म्हणून टाकायचं आणि लोकांनी प्यायचं, हे मला आता जमणार नाही. गाईंचं अंबोण त्याच दिवशी साधं केलं.

म्हणजे तुमची शंका खरी होती. ती कुठल्या मनातून आली हा वेगळा हिशेब, तो मी सोडलेला नाही.

आता ते दोन घाणे वेगळे का, ते सांगते. बडीशेप आम्ही कायम एकाच शेतकऱ्याकडून घेतो. मागच्या वर्षी मी कारखान्यात गेले असताना एक फिरता व्यापारी आला. बाबांनी त्याची पोती उतरवून घेतली, आपल्या पोत्यांत ओतून टाकली आणि विसरले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, कसला व्यापारी? ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. एका पोत्याच्या तळाशी परका शिक्का दिसला, तेव्हा मला शंका आली होती. मी ती दाबली. अर्जावर त्यांचं नाव होतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं.

वन्सं, बाबा विसरतात. चष्मा, किल्ल्या तर विसरतातच, पण जेवलो की नाही ते विसरतात. सासूबाई गेल्या हेही एखाद्या दिवशी विसरतात आणि मग मला ते पुन्हा सांगावं लागतं. हे मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून आहे. दादांना अर्धं ठाऊक आहे. बोटीवरून ते काय करणार, म्हणून अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल.

फोनवर मी त्यांना देत नाही याचं कारण एकच. पहिल्या वेळी फोन दिला होता. तुम्ही 'बाबा' म्हणालात, त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, 'ही कोण बाई? आणि बाबा का म्हणते?' मी तुम्हाला सांगितलं, लाईन कट झाली.

त्यांना तुम्ही लांब आहात हे माहीत नाही. त्यांच्या हिशेबी तुम्ही घरीच आहात. ती मी आहे.

मला ते मुंगी म्हणतात. लहानपणी तुम्हाला म्हणायचे ना, दादा सांगतात, तेच. 'मुंगे, हा कान धरून बघ.' 'मुंगे, तुला शाळा नाही का आज?' सुरुवातीला मी म्हणायचे, बाबा, मी तुमची सून. ते इतके ओशाळायचे, इतकी क्षमा मागायचे की मीच ते सोडून दिलं. आता ओ देते. गावात सांगत सुटतात की माझी मुलगी मंजुरीच्या कार्यालयात आहे, तेव्हा बोट माझ्याकडे असतं. दोन्ही त्यांच्या डोक्यात एकत्र नांदतं.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला ज्या दारातून बाहेर काढलं ते मला सताड उघडं मिळालं. मला नाही मिळालं. मी आले तेव्हा तेही मला उंबऱ्यातून परत पाठवायचे, 'सूनबाई, कपडे खराब होतील.' दार उघडलं ते मी मुंगी झाल्यावर. वाफेत हात माझे जातात, रात्री उठून वासराला मी बघते, आणि संध्याकाळी डोक्यावरून हात फिरतो तो तुमच्या. तुम्ही माझ्यावर जळत होतात म्हणता. मी किती जळले ते विचारा. शेजारी बसून जळले, वन्सं. तुम्हाला निदान लांबचं अंतर होतं.

लपवलं हे चुकलं. पण सांगितलं असतं तर तुम्ही आला असता, त्यांनी तुम्हाला ओळखलं असतं, आणि मग मी कोण राहिले असते? हा विचार मी केला होता. चांगला नाही, पण केला होता.

तुमची वहिनी


४ जून

वहिनी,

पत्र मी कागदांच्या खोलीत उभ्याने वाचलं. मग एका खोक्यावर बसून पुन्हा वाचलं.

तुमचा मला इतका राग आला आहे की या क्षणी समोर नाही आहात ते बरं. एवढे दिवस माझे वडील माझ्या नावाने कोणालातरी हाका मारत होते आणि मी इथे बसून त्यांचा आवाज मिळत नाही म्हणून रडत होते. आणि तरी राग एका बाजूला ठेवला की खाली काय उरतं ते सांगते, हसू नका. तुम्हाला ती हाक रोज ऐकू येते, याचा हेवा वाटतो. सगळं समजूनसुद्धा.

ते दोन घाणे लपवू नका. व्यापाऱ्याची पोती, बाबांचं विसरणं, सगळं जसंच्या तसं लिहून खोकलेबुवांना कळवा. बाबांचं नाव अर्जावरून गेलं तर जाऊ दे.

मी शनिवारी येते.

नणंद


२० जून

वहिनी,

घरी पोचले. निघताना तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. तुम्ही कारखान्यात सह्या करायला गेलात आणि मला मुद्दाम त्यांच्याजवळ एकटं सोडलंत, ते माझ्या लक्षात आलं. त्या वेळात काय झालं हे तुम्हाला सांगायला हवं.

तुम्ही गेल्यावर मी गोठ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिले. सवयीने आत पाऊल टाकवेना. बाबा गव्हाण साफ करत होते. मला बघून सरळ झाले, हात धोतराला पुसले आणि अदबीने म्हणाले, 'या. आपण मंजुरीच्या कार्यालयातून ना?' त्यांना काय दिसलं माझ्यात कोण जाणे. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

'या ना, आत या,' म्हणाले. आणि मी गेले.

त्यांनी मला सगळा गोठा दाखवला. प्रत्येक गाय, तिची आई, तिचं दुखणं. गाईच्या पोटाला कान कसा लावायचा ते करून दाखवलं आणि मग माझं डोकं अलगद धरून तिथे टेकवलं. आत गडगड ऐकू येत होती, लांबून बैलगाडी यावी तशी. म्हणाले, हा आवाज आहे तोवर काळजी नाही. वहिनी, तुम्ही हे रोज ऐकत असाल. मी नोकरीची एवढी वर्षं गुरांच्या पोटाबद्दल निर्णय देते आहे, आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग मी विचारलं. परक्या बाईने विचारावं तसं विचारलं, की आपल्या मुलीला आपण लहानपणापासूनच हे शिकवलंत का?

ते बादलीवर बसले. म्हणाले, 'नाही हो. तिला मी आत येऊच द्यायचो नाही. ती आली की माझं लक्ष गुरांवरून उडायचं. कोण लाथ मारेल, कोण शिंग लावेल, सारखं तिच्याकडेच बघायचो. एकदा तिच्या नादात औषध भलत्याच गाईला टोचलं. तेव्हा ठरवलं, मुंगी बाहेर बरी.' मग म्हणाले, 'तिला वाईट वाटायचं. आता मोठी झाली, तर आता सगळं शिकवतो. फार हुशार आहे. हे जे काही आहे ना साहेब, ते सगळं तिनेच केलंय. माझं नुसतं नाव आहे.'

आणि तुम्ही बसता त्या स्टुलाकडे बोट केलं.

मी त्यांना सांगितलं नाही मी कोण ते. तोंडाशी आलं होतं. पण मग ते ओशाळले असते, तुम्ही लिहिलंत तसे, आणि ते सगळं बोलणं त्यांनी परत घेतलं असतं. मला ते परत द्यायचं नव्हतं.

जे मी आयुष्यभर विचारलं नाही त्याचं उत्तर त्यांनी एका अधिकारी बाईला दिलं. त्या बाईचाही मला हेवा वाटतो. माझा स्वभावच तसा आहे, आता काय करणार. पण हे लिहिताना एक गोष्ट दिसते. सगळं तिनेच केलंय, असं ते म्हणाले तेव्हा नाव माझं होतं, पण काम तुमचं होतं. ते काम त्यांनी नीट पाहिलेलं आहे. त्यातलं काही ते विसरलेले नाहीत.

तुमच्या हातांना लावायला मलम पाठवते आहे. आमच्याकडच्या प्रयोगशाळेतल्या बायका तेच वापरतात.

तुमची वन्सं


१२ ऑगस्ट

वन्सं,

मंजुरी आली. आपण अर्ज केला तशी नाही, पण आली. वाढीच्या वासरांना देता येईल, ठरलेल्या वयापर्यंत आणि ठरलेल्या मापात. दुभत्या गाईंना नाही, दुधात एस्ट्रॅगोल किती उतरतो याचा पुरावा मिळेपर्यंत नाही. प्रत्येक घाणा मोजल्याशिवाय विकायचा नाही. आणि पोत्यावर ठळक छापायचं की मिसळणाऱ्याने हातमोजे घालावेत, तोंडाला फडकं बांधावं, डोळे सांभाळावेत. ते वाचून मी माझ्या हातांकडे बघितलं आणि मला हसू आलं. मलमाने बराच फरक आहे.

मालकांचं तोंड पडलं आहे. खरं गिऱ्हाईक दूधवाल्यांचं होतं, वासरांपुरती मंजुरी म्हणजे दाराच्या फटीतून आत घेतल्यासारखं, असं म्हणतात. मी म्हटलं, आत घेतलं ना. दुधाचं मोजायचं काम मी सुरू करणार आहे. पहिला नमुना आपल्याच गाईचा.

अर्जावर बाबांचं नाव राहिलं आहे. आम्ही सगळं खरं लिहून पाठवलं, व्यापाऱ्याचं, पोत्यांचं, त्यांच्या आजाराचंही. खोकलेबुवांनी उलट कळवलं की चूक झाल्याने संशोधक बदलत नाही. मला ते गृहस्थ आवडायला लागले आहेत. तुम्हाला त्यांनी कागदांच्या खोलीतून परत मागून घेतलं, हे दादांकडून कळलं. तुम्ही मला कळवलं नाहीत, त्याची नोंद घेतली आहे.

मंजुरीचं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरेल, कोणाच्या का नावाने होईना. तर म्हणाले, 'बरं झालं. पण मुंगे, त्या साहेबीणबाई पुन्हा कधी येणार?'

तुम्ही गेल्यापासून हे रोज चाललं आहे. मी कोण ते विसरतात, सकाळी काय खाल्लं ते विसरतात, आणि एकदा आलेली अधिकारी बाई काही केल्या विसरत नाहीत. कोणती गाय दाखवायची राहिली ते मला सांगून ठेवतात. परवा रविवारी सकाळी बघते तर दाढी करून, केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसलेले. गोठ्याला हात लावेनात. म्हटलं, बाबा, कपडे का बदललेत? म्हणाले, त्या येतील तर गोठ्यातल्या कपड्यांत बरं दिसेल का?

अंधार पडेपर्यंत बसले होते. मी आतबाहेर करताना त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखणं उठलं. माझ्यासाठी त्यांनी कधी सदरा बदलला नाही, वन्सं.

रविवारी या.

तुमची वहिनी